काकूंच्या दुधातली गोळी

प्रश्न असा आला आहे : "दिवाळी अंकासाठी मानसशास्त्रीय भयकथा लिहितोय. कोकणातलं जुनं घर, पावसाळा. काकूंना आवाज ऐकू येतात. काका त्यांना रोज रात्री दुधातून गोळी देतात. घरात एकेक माणूस मरायला लागतो. शेवटच्या पानावर उलगडतं की काकूंना स्प्लिट पर्सनॅलिटीचा आजार आहे आणि सगळे खून त्यांनीच केलेत. सांगणारा पुतण्या. दोन मित्रांना वाचायला दिली. एक म्हणाला खोटी वाटते, दुसरा म्हणाला भीती वाटत नाही. तुम्ही मनोविकारतज्ज्ञ आहात आणि गूढकथाही लिहिता, म्हणून खर्डा पाठवतोय. चुकतंय काय?"

तुमचे दोन्ही मित्र एकच सांगताहेत. खोटी वाटते म्हणूनच ती घाबरवत नाही. पण खर्ड्यात एक वाक्य असं आहे, की ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही मात्र ते सहज ओलांडून गेलात. त्याच्याकडे येतेच, आधी दोन दुरुस्त्या उरकून घेऊ.

स्प्लिट पर्सनॅलिटी आणि स्किझोफ्रेनिया या वेगळ्या गोष्टी आहेत. 1908 मध्ये ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरने स्किझोफ्रेनिया हा शब्द केला, तेव्हा विचार, भावना आणि वागणं यांची आपसातली सांगड तुटते, असं त्याला म्हणायचं होतं. एका देहात दोन माणसं राहतात, असं तो म्हणाला नव्हता. आपण त्याला 'छिन्नमनस्कता' म्हटलं आणि शब्दाबरोबर गैरसमजही उचलून आणला. तुमच्या काकूंना आवाज येतात, जेवणाचा संशय येतो. हे स्किझोफ्रेनियाच्या वाटेनं जाणारं आहे. रात्री उठून दुसरीच बाई होणं आणि कोयता घेऊन फिरणं हे सिनेमाच्या वाटेनं जाणारं. दोन्ही एकाच काकूंत कोंबल्यामुळे त्या कुठल्याच धड उभ्या राहिलेल्या नाहीत.

दुसरं, आजार शेवटच्या पानावर ठेवलात. रहस्यकथेत खुनी शेवटी कळतो म्हणून तुम्ही निदानही शेवटी ठेवलंत, हे मला समजतं. पण निदान कळलं की वाचक सुटतो. 'वेडी होती होय' म्हणून तो अंक मिटतो आणि चकली उचलतो. ज्या घरात हा आजार खरोखर येतो, तिथं याच्या बरोबर उलट घडतं. नाव कळतंच कधी ना कधी. आधी घाड्याकडून, म्हणजे गावच्या देवऋष्याकडून, एक कळतं, मग माझ्यासारखीकडून दुसरं. आणि त्या नावासकट पुढची तीस वर्षं त्याच घरात, त्याच पंक्तीला बसून काढायची असतात. म्हणून निदान दुसऱ्या पानावर सांगून टाका. मग उरलेल्या पानांत लिहायचं काय, असा प्रश्न तुम्हाला पडेल. पडू द्या.

आता ते वाक्य. 'काकांनी नेहमीप्रमाणे गोळी दुधात विरघळवून पेला काकूंपुढे ठेवला.'

नेहमीप्रमाणे! सव्वीस वर्षं मी ओपीडीत बसते आणि हे 'नेहमीप्रमाणे' महिन्यातून दोन-चारदा तरी ऐकते. बऱ्याच रुग्णांना आपल्याला काही झालंय, हेच मुळात पटत नाही. तो हट्ट नसतो, आजारच तसा असतो. गोळी थुंकली जाते, उशीखाली जाते, मोरीत जाते. घरचे दमतात. मग कुणीतरी सुचवतं, मेडिकलवाला किंवा लांबची नणंद : 'आमटीतून द्या, कळत नाही.' काही औषधं पातळ, थेंबांच्या रूपातही मिळतात, त्यामुळे काम सोपं होतं. मी घरच्यांना असं करू नका म्हणून सांगते. माणसाला न सांगता, त्याला विश्वासात न घेता औषध देणं कायद्यात बसत नाही, आणि कळलं तर उरलासुरला भरवसाही जातो. हे सगळं सांगून झाल्यावर समोरचा नवरा किंवा भाऊ मान हलवतो, आणि तो घरी जाऊन काय करणार आहे ते मला ठाऊक असतं.

हेच जरा काकूंच्या बाजूनं बघा. त्या तीन वर्षं म्हणताहेत, माझ्या खाण्यात काहीतरी कालवतात. मी माझ्या कागदावर लिहिते, 'अन्नात विष घातल्याचा भ्रम.' आणि त्यांच्या खाण्यात खरोखरच काहीतरी कालवलं जातं. दूध प्यायल्यावर डोकं जड होतं, जीभ जाड होते, सकाळी उशीवर लाळेचा डाग असतो, भाकरी थापताना हात लाकडासारखे होतात. पुरावा शंभर टक्के त्यांच्या बाजूचा आहे.

एक घर आठवतं. माणसं आणि गाव बदलून सांगतेय, शिवाय दोन-तीन घरांचं मिळून एक केलंय. बाई पंचेचाळीस-सेहेचाळीसच्या. जेवायला वाढलं की त्या ताटाकडे बघत बसायच्या आणि शेवटच्या क्षणी शेजारच्याशी ताट बदलायच्या. शेजारी कोण, तर दहा वर्षांची मुलगी. एके दिवशी ती मुलगी शाळेत बाकावर झोपली, ती उठेना. तिला रिक्षात घालून घरी आणलं, तेव्हा बाई दारात उभ्या होत्या. मुलीकडे बघून त्या नवऱ्याला शांतपणे म्हणाल्या, "आता पटलं?" नवरा माझ्याकडे आला तेव्हा खुर्चीवर न बसता उभ्यानंच बोलत होता. त्यानं मला विचारलं, "डॉक्टर, ती म्हणते ते आता खरंच झालं ना?" मुलगी दुसऱ्या दिवशी ठणठणीत होती. मला मात्र त्याचं उत्तर अजून नीट देता आलेलं नाही.

तुमची भयकथा इथं आहे. त्या घरात खोटं कुणीच बोलत नाही. नवरा प्रेमापोटी करतो, बाईंचा संशय खरा आहे, डॉक्टरचं निदानही बरोबर आहे. तरीही तिन्ही गोष्टी एका ताटात मावत नाहीत. याच्यापुढे कोयता म्हणजे पोरखेळ.

सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका अमेरिकी लेखिकेनं हे ओळखलं होतं. शार्लट पर्किन्स गिलमनला बाळंतपणानंतर नैराश्यानं घेरलं, आणि त्या काळच्या नामांकित डॉक्टरने तिला सक्तीची विश्रांती लिहून दिली. लिहिणं बंद, वाचणं जवळपास बंद. त्यावर 1892 मध्ये छापून आलेल्या तिच्या पिवळ्या वॉलपेपरच्या कथेतला नवरा स्वतः डॉक्टर आहे, बायकोवर जीव असलेला आहे, आवाज चढवत नाही. त्या कथेत दुष्ट कुणीच नाही, म्हणून ती अजून वाचवत नाही. तुमचे काका मात्र पान चारवर मिशीतल्या मिशीत हसतात. ते हसू काढा.

आता घर. तुम्ही माजघर, माळा, रहाट, वटवाघळं, सगळं छान रंगवलंय, पण ते कुठल्याही भुताच्या गोष्टीतलं घर झालंय. आजार असलेलं घर वेगळं दिसतं. अशा एका घरी गेले होते तेव्हा हात धुवायला न्हाणीघरात गेले. दाराला आतून कडीच नव्हती. कडी होती त्या जागी स्क्रूची चार भोकं, त्यावर मेण की साबण भरून वरून हिरवा ऑइलपेंट मारलेला. बाहेरून मात्र नवीकोरी कडी. विळी स्वयंपाकघरात नव्हती, देव्हाऱ्यामागच्या कपाटात होती, आणि त्या कपाटाची किल्ली म्हाताऱ्या सासूबाईंच्या कमरेला. भाजी चिरायची झाली की सून सासूकडे जाऊन उभी राहायची, सासू उठून विळी द्यायची आणि चिरून होईपर्यंत समोर बसायची. दोघी एक शब्द बोलत नव्हत्या. घर अगदी स्वच्छ होतं, मला चहा-पोहे मिळाले, टीव्हीवर मालिका चालू होती. मी निघाले तेव्हा त्या घरातल्या कॉलेजकुमारानं मला गेटपर्यंत सोडलं आणि परत जाताना नकळत, सवयीनं, बाहेरच्या कडीला हात लावून बघितला.

माझीच एक फजिती सांगते. पूर्वी मी अशा घरावर एक गूढकथा लिहिली होती. भरपूर किंकाळ्या, फुटलेले आरसे, विजा. एका अंकात ती आली. एका रुग्णाची बहीण ती घेऊन आली. मला वाटलं, आमच्यावर का लिहिलंत म्हणून भांडेल. ती म्हणाली, "चांगली आहे मॅडम, पण आमच्याकडे कुणी ओरडत नाही. आमच्याकडे सगळे हळू बोलतात." त्यानंतर मी त्या कथेचा उल्लेख कुठं करत नाही. आज केला.

आवाजांबद्दल तुम्हाला बरंच बदलावं लागेल. तुमच्या काकूंना 'मार, मार, सगळ्यांना मार' असं ऐकू येतं. असे हुकूम देणारे आवाज असतात, नाही असं नाही. पण माणसाला पोखरतात ते बहुतेक साधे आवाज. आपसात बोलणारे, आपल्याविषयी, आपण तिथं नसल्यासारखे. कुर्ट श्नायडर या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने स्किझोफ्रेनियाची जी ठळक लक्षणं सांगितली, त्यात हे आहे : आपल्या प्रत्येक हालचालीवर चालू असलेलं समालोचन. लिहायचंच झालं तर असं काहीसं :

'उठली.
आता चूळ भरेल.
भरली नाही. थांबलीय. आपलं ऐकतेय.
ऐकू दे. पदर बघ कसा घेतलाय.
हिच्या आईनंही असाच घेतला होता. त्या दिवशी.
गप. ऐकतेय ती.'

'त्या दिवशी' म्हणजे कुठल्या, ते कधीच सांगू नका.

यात आपल्यासाठी एक मोलाची गोष्ट आहे. टान्या लुरमन या मानववंशशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतलं सॅन मटेओ, घानातलं आक्रा आणि आपलं चेन्नई अशा तीन ठिकाणच्या रुग्णांशी त्यांच्या आवाजांविषयी बोलून एक अभ्यास केला, तो 2015 मध्ये छापून आला. प्रत्येक ठिकाणी वीस-वीस माणसं. अमेरिकेतल्या लोकांना आवाज म्हणजे मेंदूवर झालेला परक्याचा हल्ला वाटत होता, त्यात मारहाण, रक्त, छळ. चेन्नईतल्या कितीतरी जणांना नातेवाईकांचे आवाज येत होते. आई, बहीण, सासू. ते काय सांगत, तर आंघोळ कर, जेव, घर झाड. कधी रागावत, कधी थट्टा करत. माझ्या ओपीडीतला अनुभवही याच्याशी जुळतो. मेलेली आत्या रोज पहाटे येऊन 'दूध उतू जाईल बघ' एवढंच सांगते, आणि दूध खरोखर उतू जात असतं, असं एकीनं मला हसत सांगितलं होतं. म्हणजे आपल्याकडे आवाजाला घरातलं नातं असतं. काकूंच्या कानातला आवाज कुण्या अज्ञात सैतानाचा करू नका, थोरल्या जाऊबाईंचा करा. आणि थोरल्या जाऊबाई जिवंत असू द्या, शेजारच्या खोलीत पापड लाटत.

अजून एक प्रकार पावसाळी कथेला फार उपयोगी आहे. काहींना आवाज दुसऱ्या खऱ्या आवाजाच्या सोबतीनंच येतो. नळ चालू आहे तोवर माणसं बोलतात, नळ बंद केला की थांबतात. पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर, काहीही चालतं. यात खरा आवाज आणि भास दोन्ही वेगवेगळे ऐकू येतात, हे लक्षात ठेवा. नळाच्या आवाजाचेच शब्द होत नाहीत. आता विचार करा : कोकणातलं कौलारू घर, आणि काकूंना पागोळ्या पडत असतील तेवढा वेळच माणसं बोललेली ऐकू येतात. जूनमध्ये त्या आकाशाकडे बघत राहतील. ऑगस्टात एखाद दिवस उघडीप मिळाली की त्या अंगणात येऊन सगळ्यांशी गोड बोलतील. पुतण्याला वाटेल काकू बऱ्या झाल्या. आणि मग घरावर ढग येतील. तुम्हाला खून करायची गरजच काय?

दिसणाऱ्या भुतांविषयी थोडक्यात. स्किझोफ्रेनियात प्रामुख्याने ऐकू येतं. ठळक दिसायला लागलं, की आम्ही आधी ताप, औषधं, मेंदूचे आजार आणि दारू यांचा माग काढतो. रोज पिणारा माणूस पाय मोडून दवाखान्यात पडला, त्याची दारू तुटली, आणि तिसऱ्या रात्री तो चादरीवरचे किडे वेचू लागला, हे ऑर्थोपेडिकच्या वॉर्डात नेहमीचं. भूत दाखवायचंच असेल तर आजोबांना दाखवा. म्हातारपणी स्मृती जाणाऱ्या काही आजारांत अंगणात लहान मुलं खेळताना दिसतात, आणि आजोबांना त्यांची भीतीही वाटत नाही. ते त्यांना खाऊ ठेवायला सांगतात.

माझ्या मते घर आणि आजार या विषयावरची सगळ्यात भयंकर गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि मराठीत तिच्यावर फारसं कुणी लिहिताना मला दिसत नाही. 1923 मध्ये जोझेफ कॅपग्रा या फ्रेंच डॉक्टरने आणि त्याच्या सहकाऱ्याने पॅरिसमधल्या एका बाईची हकिकत लिहिली. तिचं म्हणणं, माझा नवरा, माझी मुलगी, सगळे बदलून त्यांच्या जागी हुबेहूब दिसणारी दुसरी माणसं आणून ठेवली आहेत. तेव्हापासून याला त्याचंच नाव आहे. एक समजूत अशी, की चेहरा ओळखणारा मेंदूचा भाग नीट चालतो, पण ओळखीच्या चेहऱ्यासोबत जी ऊब उठायला हवी ती उठत नाही. मग मन त्याचा अर्थ लावतं : दिसतो तर माझ्या मुलासारखा, पण आतून काही होत नाही, म्हणजे हा तो नव्हेच. गंमत अशी, की अशा काही जणांना तेच माणूस फोनवर मात्र खरं वाटतं. कारण आवाजाची वाट वेगळी.

आता हे आपल्याकडच्या घरात आणा. आई सांगलीत, मुलगा न्यू जर्सीत. दर रविवारी सकाळी फोन, साधा फोन, आईला व्हिडिओ आवडत नाही. 'जेवलास का, थंडी फार आहे का, कधी येतोस?' दोन वर्षांनी तो येतो. आई त्याला बघते, पाणी देते, चांगलं बोलते. रात्री त्याच्या खोलीच्या दाराशी उभी राहून बघत बसते. रविवारी सकाळी ती फोनजवळ जाऊन बसते. मुलगा समोर सोफ्यावर आहे. ती शेजारणीला म्हणते, "आज फोन नाही आला त्याचा. ह्या माणसानं काही केलं नसेल ना त्याला?" मुलाला यातून सुटायची वाट एकच उरते. अंगणात जायचं, मोबाइल काढायचा आणि आतल्या आईला फोन लावायचा. तो तिला काय सांगेल, ते मी लिहायला घेतलं होतं आणि अर्ध्यावर सोडलं. तुम्ही घ्या.

तुमच्या खर्ड्यात मधेच एक परिच्छेद येतो, त्यात सगळ्या घराला आवाज ऐकू यायला लागतात. कल्पना चांगली आहे, पण ती साथीच्या रोगासारखी पसरवू नका. 1877 मध्ये लासेग आणि फाल्रे या दोघा फ्रेंच डॉक्टरांनी एकाचा भ्रम दुसऱ्याला कसा लागतो, ते लिहून ठेवलंय. त्यातला तपशील लेखकानं पाठ करावा असा आहे. ज्याला पहिल्यांदा भ्रम होतो, त्याचा घरात वट असतो. दुसरा त्याच्यावर अवलंबून असतो. दोघं बराच काळ एकत्र, बाकी जगापासून तुटून राहत असतात. आणि भ्रम अगदीच अचाट नसतो, त्यात आशेला किंवा धास्तीला जागा असते. बरेचदा दोघांना वेगळं ठेवलं की दुसऱ्याचा भ्रम हळूहळू विरतो. म्हणजे प्रश्न असा विचारायचा, की या घरात कुणाच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही? तुमच्या काकूंचं तर घरात काहीच चालत नाही. त्यांचा भ्रम कुणालाच लागणार नाही. काकांचा लागेल.

2018 च्या जुलैत दिल्लीतल्या बुराडीत एका घरातली अकरा माणसं एका रात्रीत गेली, ते तुम्हाला आठवत असेल. घरातल्या वह्यांत कित्येक वर्षांच्या सूचना लिहिलेल्या सापडल्या, वारलेल्या वडिलांच्या नावानं आलेल्या. पुढे झालेल्या मानसशास्त्रीय तपासणीचा निष्कर्ष असा होता, की त्यांना मरायचं नव्हतं; विधी करताना घडलेला तो अपघात होता. त्या घरावर लगेच भुताटकीचे व्हिडिओ निघाले. कृपा करून ते घर तसंच्या तसं उचलू नका. ती खरी माणसं आहेत, त्यांचे नातेवाईक आहेत. घ्यायचंच तर एवढं घ्या, की शेजाऱ्यांना ते घर चांगलं, कष्टाळू, देवभोळं वाटत होतं.

आता सांगणाऱ्याकडे. पुतण्या का निवडलात? काकू रक्ताच्या नाहीत. म्हणजे तुमचा निवेदक पहिल्या पानापासून सुरक्षित आहे आणि वाचकही त्याच्या मागं लपलाय. काकूंना निवेदकाची आई करा, निवेदक विशीतला करा. स्किझोफ्रेनिया साधारण 100 माणसांतल्या एकाला कधी ना कधी होतो. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला असेल तर मुलांत तेच प्रमाण 100 मध्ये 10 च्या आसपास जातं. नव्वदांना होत नाही, हे मी प्रत्येक मुलाला दोनदा सांगते. आणि समोरचा मुलगा त्या दहातच स्वतःला मोजत असतो. मुलांमध्ये आजार बहुधा ऐन विशीच्या आसपास डोकं वर काढतो, हेही त्यानं मोबाइलवर वाचलेलं असतं. मग पुण्यात होस्टेलवर रात्री कुणीतरी आपलं नाव घेतल्यासारखं वाटतं. झोपेत शिरताना असं कुणालाही ऐकू येतं, तुम्हाला, मला. पण तो उठून बसतो आणि रूममेटला विचारतो, "तू हाक मारलीस?" रूममेट म्हणतो, "नाही." कथा इथून सुरू करून बघा.

त्यात लग्नाचा धागा घालता येईल. 'लग्न लावून द्या, सुटेल' हा सल्ला आपल्याकडे अजून दिला जातो, आणि सासरी आजार लपवून नेला जातो. नवी नवरी गोळ्यांची पट्टी बांगड्यांच्या डब्यात ठेवते, मग सापडेल या धाकानं गोळ्या सोडून देते, आणि दोन-तीन महिन्यांनी सासरच्यांना वाटतं घरालाच काही लागलं. आईची आई याच रस्त्यानं त्या घरात आली होती, एवढी एक ओळ पुरेल.

दवाखान्याचा प्रसंग पुरता बदला. तुमच्या कथेत काकूंना 'रत्नागिरीला' नेतात, चामड्याच्या पट्ट्यांनी बांधतात आणि त्या शुद्धीवर असताना शॉक देतात. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या नावांनी आपण पिढ्यानपिढ्या पोरांना घाबरवत आलो, त्यात तुम्ही भर घालू नका. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं बंदी आहे, साखळीनं बांधायलाही बंदी आहे. शॉकचा उपचार होतो, पुष्कळदा फार चांगला होतो, आणि बघायला अगदीच नीरस असतो. काका म्हणाले आणि डॉक्टरनं सही केली की कायमचं कोंडलं, असंही होत नाही. संमतीशिवायचं दाखल करणं पहिल्या खेपेला तीस दिवसांपर्यंतच, आणि त्याआधी दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं. साखळीचं भय लिहायचं असेल तर 2001 च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला काय झालं ते वाचा. झावळ्यांचं छप्पर पेटलं आणि साखळीनं बांधलेले 28 रुग्ण गेले. तिथं त्यांना नेऊन सोडणारे बहुतेक घरचेच होते, बरं वाटावं म्हणून.

घाड्याला खलनायक करू नका. काकूंचं म्हणणं घरात पहिल्यांदा कुणी नीट ऐकून घेतलं असेल, तर ते बहुधा त्यानंच. आणि खून सगळे काढून टाका. हा आजार असलेली माणसं मारतात त्यापेक्षा मार खातात जास्त, हे मी पट्ट्यांचे वळ बघून सांगतेय. एक मृत्यू हवाच असेल तर कुत्र्याचा ठेवा. काकूंनी दुधाचा पेला त्याच्यापुढे ओतला होता का, ते कुणाला माहीत नसू द्या.

पुढचा खर्डा जरूर पाठवा. आणि ते वाक्य लिहिताना एक दुरुस्ती : कुटलेली गोळी दुधात विरघळत नाही. कितीही ढवळली तरी पेल्याच्या बुडाशी पांढरी भुकटी बसते, आणि काकू रोज रात्री दूध संपवून पेला स्वतःच विसळतात.